क्रमांक एकेचाळीसचा डबा

ती. सौ. वहिनीस सविनय नमस्कार, आणि त्याच घरात राहणाऱ्या माझ्या चिमणीला एक चिमटा. नमस्कार भावाच्या बायकोला, चिमटा बाकावरच्या मैत्रिणीला. दोघी एकाच अंगात राहत असल्यामुळे वाटणी तुमची तुम्ही करून घ्या.

परवा वजनाच्या काट्यावर उभी होते आणि एकदम शाळेचा मागचा व्हरांडा डोळ्यांपुढे आला. तुला आठवतं ना? वर्षातून एकदा वजनाचा दिवस. बूट काढायचे, खिसे रिकामे करायचे आणि भिंतीला धरून रांगेत उभं राहायचं. टेबलामागे दवाखान्याच्या सिस्टर, हातात लाल पेन्सिल. जिच्या नावासमोर लाल खूण, तिला दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या आधी एक चमचा माशाचं तेल. तू तर वाऱ्यावर उडणारी, म्हणून तर चिमणी. त्या सकाळी तू नळाला तोंड लावून इतकं पाणी प्यायली होतीस की चालताना तुझ्या पोटातून घागर हिंदकळल्यासारखा आवाज येत होता. तरी भरवसा नाही म्हणून मला म्हणालीस, "मागून अंगठा टेकव." मी टेकवला. काटा असा काही उडाला की सिस्टर चष्मा काढून काट्याकडे, मग तुझ्याकडे आणि शेवटी माझ्या पायाकडे बघत राहिल्या. आठवडाभर आपण दोघी ते तेल प्यायलो. तू नाक दाबून, मी तुझ्याकडे बघून. काय दिवस होते गं ते. आता कोणी प्रेमाने चमचाभर विषसुद्धा देत नाही.

असो. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस, आणि चढलीस तर निदान दादाला बरोबर घेऊन चढ, म्हणजे तो धापा टाकतो तेव्हा तुला थांबायला निमित्त मिळतं. दादाचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. यांच्या हृदयाची नवी झडप चांगली चालते आहे. रात्री शांत असलं की टिकटिक ऐकू येते, त्यामुळे घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी आम्ही दुरुस्तीला दिलेलं नाही. माझा खांदा अधूनमधून धरतो. एवढंच. हे पत्र सहज लिहिते आहे, कामाचं काही नाही. फक्त दादाला वाचून दाखवू नकोस. का ते पुढे कळेल.

तुला आमची इमारत माहीत आहे. चार मजले, एक लिफ्ट, आणि लिफ्टची लहर. तळमजल्यावर बंद पडलेलं छपाईचं दुकान होतं ना, तिथे गेल्या वर्षापासून एक संशोधन चाललं आहे. विषय असा की वय वाढत जातं तसं नीट खाल्ल्याने किती आजार टळतात. (आपल्या आईने हे संशोधन न करताच निष्कर्ष काढला होता, पण तिला कोणी विचारलं नाही.) तिथे एक तरुण डॉक्टरीण बसते. केसांत पेन्सिल खोचते आणि मग तीच पेन्सिल टेबलाखाली शोधते. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना आजी-आजोबा म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बाकासमोर उभं केल्यासारखं विचारलं, "मी तुझ्या आईच्या आईला कधी भेटले होते का?" तेव्हापासून आम्ही सगळ्या काकू आणि सगळे काका.

इमारतीतल्या साठीपुढच्या सगळ्यांची नावं तिने घेतली. वजन, उंची, रक्त, दंडाचा घेर. मग एक यंत्र, ते मुठीत धरून जीव खाऊन दाबायचं. त्यावरून माणूस किती टिकेल ते कळतं म्हणे. खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायचं. मी उठले, पण खुर्चीही माझ्याबरोबर उठली. यांना मात्र झडपेमुळे घेतलंच नाही. हे इतके खट्टू झाले की विचारू नकोस. म्हणाले, "जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता मला मोजायला कोणी तयार नाही." (मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे किती लागत असेल!)

नंतर संगणकाने चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्या लोकांना रोज दुपारी डबा, अर्ध्यांना महिन्यातून एकदा पत्रक. डब्यात कडधान्यं, पालेभाजी, अंडं, दही, केळं, मूठभर दाणे, सगळं तोलूनमापून. पत्रकात त्याच सगळ्या गोष्टींची रंगीत चित्रं. शेवटी डबेवाल्यांची आणि पत्रकवाल्यांची तब्येत ताडून बघायची. अट एकच, ती डॉक्टरिणीने तीन-तीनदा सांगितली: "काकू, डबा तुम्हीच खायचा. पत्रकवाल्यांनी जसं जगतात तसंच जगायचं. कोणी कोणावर दया करायची नाही." मला डबा आला. आमच्या समोरच्या दारातल्या मास्तरांना पत्रक आलं. आणि इथेच सगळं बिनसलं. गेले काही महिने आमच्या घरात एकच विषय आहे: मास्तर जेवतात की नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंप्याच्या दुकानातले. तुझ्या धाकट्याची मुंजीच्या वेळची पहिली फुलपँट त्यांनीच शिवली होती. बायको गेल्यापासून एकटेच असतात. दुकान मुलाने विकलं, मशीन घरात आणलं, आणि मुलगा परदेशी गेला. माणूस कसा टापटीप! कॉलर कडक, पँटची घडी सुरीसारखी. त्यामुळे ते वाळत चालले आहेत हे आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही. आपल्यासारखी माणसं बारीक झाली की कपडे अंगावर लोंबायला लागतात आणि चार लोक विचारतात. मास्तर दर महिन्याला स्वतःची पँट स्वतः आत घेत होते. एकदा मी ब्लाऊजला हुक लावून घ्यायला गेले होते. खाली पडलेला खडू उचलायला ते वाकले, आणि मी मागून बघितलं तर शिवण आत घेऊन घेऊन पँटचे दोन्ही मागचे खिसे एकमेकांना भेटायला आले होते.

स्वयंपाकघरात डोकावले. ओट्यावर चहाचं पातेलं, पावाचा तुकडा आणि भिंतीला टाचणीने लावलेलं पत्रक. त्यावर हसरं गाजर.

तू म्हणशील, मग तूच वाढायचंस ना ताट. वाढलं नसतं का? पण मास्तर कोणाचं फुकट घेत नाहीत. गेल्या वर्षी वाटीभर भात दिला तर दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या उशांना नवे अभ्रे आले. म्हणून मी शक्कल लढवली. डबा घेऊन गेले आणि म्हटलं, "मास्तर, मला एवढं जात नाही. रोज टाकून द्यावं लागतं."

"टाकून?" ते म्हणाले. "अन्न?"

जो माणूस कातरकामातल्या चिंध्या रंगवार लावून ठेवतो, त्याच्या काळजाला मी बरोबर हात घातला होता. डबा ठेवून घेतला. मी घरी आले आणि यांना म्हटलं, बघा, माणसं वाचवायला डॉक्टर व्हावं लागत नाही. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "हद्दीचा दगड हलवलास. आता मोजणी काय कपाळ येणार?"

दुपारी दार वाजलं. मास्तर डबा परत घेऊन उभे. घासलेला, पुसलेला, चकचकीत. उघडला तर आत क्रीमचा केक. मी म्हटलं हे काय? तर म्हणाले, "आमची ही सांगायची, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. मला काही करता येत नाही, म्हणून बेकरीतून आणला." आणि जाईनात. दारातच उभे. बायको गेलेला माणूस, तिच्या शब्दाला जागून केक घेऊन आलेला, तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा आहे. तू काय केलं असतंस? मी घास घेतला. "कसा आहे?" "छान आहे." दुसऱ्या दिवशी दोन.

आता तुला माझी साखर माहीत आहे. गेली दहा वर्षं ती हद्दीवर उभी आहे, ना धड इकडे ना धड तिकडे. तिला फक्त कोणीतरी मागून ढकलायला हवं होतं. मास्तरांनी रोज दुपारी, इतक्या आदबीने, क्रीम लावून ढकललं. मी न खाता ठेवून द्यायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण यांना झडपेमुळे क्रीम वर्ज्य, आणि टाकून द्यावं तर टाकण्याचीच भीती घालून मी त्या माणसाच्या गळ्यात डबा मारला होता. शिवाय (तुला म्हणून सांगते) मॉन्जिनी-बिंजिनी काही नाही, साध्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला केक, पण ताजा असायचा.

मध्ये एकदा तुझा फोन आला होता बघ. तू हसून हसून सांगत होतीस की दादा जेवायला बसला की चिडतो. त्याची कुठलीशी समिती आहे, तिच्याकडे कुठल्याशा संशोधनाचे आकडे येतात, नावं नसतात, नुसते क्रमांक. बाकी सगळे ठीक, पण कोणीतरी क्रमांक एकेचाळीस म्हणून बाई आहे. तिला इतका उत्तम आहार मिळतो आणि तिची साखर मात्र शिडी लावल्यासारखी चढते आहे. "या एका बाईने माझ्या आलेखाला कुबड आणलं," असं म्हणून दादाने भाजीची वाटी दूर सारली, असं तू सांगितलंस. मी हं हं म्हणत होते. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात केक होता, आणि समोर शीतकपाटावर चुंबकाने लावलेलं माझं ओळखपत्र होतं. वहिनी, ती एकेचाळीस मी.

तेव्हापासून दादाचा आवाज फोनवर आला की मी आपोआप ताठ बसते. ना नाव ना इमारत, नुसता क्रमांक, त्याला कसं कळणार? पण लहानपणी बरणीतला गूळ कमी झाला की तो जसा न बोलता माझ्याकडे बघायचा, तसाच आता त्या आलेखाकडे बघत असेल असं वाटून घशाखाली घास उतरेना. (केक उतरत होता. तो मऊ असतो.)

तरी मी डबा थांबवला नाही. कारण रोज त्यातलं अन्न संपलेलं असायचं, कण उरत नव्हता. मी मनाशी म्हणायची, साखर वाढली तर गोळी आहे, मास्तरांना गोळी नाही. तपासणीचा दिवस आला तेव्हा मी यांना हट्टाने बरोबर नेलं. म्हटलं, चला, मास्तरांचं वजन वाढलेलं बघा आणि मग बोला हद्दीच्या दगडाबद्दल.

छपाईच्या दुकानात आम्ही सगळे बाकावर बसलो होतो. मास्तर काट्यावर चढले. डॉक्टरिणीने काट्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. मग दंडाला फीत गुंडाळली. मास्तरांनी सवयीने स्वतःच माप वाचलं आणि म्हणाले, "फीत ढिली धरलीय तुम्ही. याहून कमी आहे."

वजन घटलं होतं. थोडंथोडकं नव्हे, इतकं की त्या अभ्यासाच्या नियमाप्रमाणे त्या रेषेखाली गेलेल्या माणसाला अभ्यासातून काढून ताबडतोब उपचार द्यावे लागतात. डॉक्टरीण म्हणाली, "काका, तोंड उघडा." उघडलं. तिने बॅटरी लावली आणि तिचा चेहराच पडला. हिरड्यांवर जखमा.

"ही कवळी कधीची आहे?"

"बायको होती तेव्हाची."

"नीट बसते का?"

"बोलताना बसते," मास्तर म्हणाले. "खाताना उठते."

माणूस बारीक झाला की हिरड्याही आक्रसतात, कवळी सैल होते, चावता येत नाही, मग आणखी बारीक होतो, असं तिने आम्हाला समजावून सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला सैल कपडा घालू दिला नाही, तो स्वतः तोंडात असं ढगळ माप घेऊन हिंडत होता. आणि मला तेव्हा, इतक्या लोकांत, जे सुचायला नको ते सुचलं. मी मोठ्याने म्हटलं, "मग माझा डबा कोण खात होतं?"

दुकानात अशी शांतता पसरली की यांची झडप ऐकू आली. डॉक्टरिणीने केसांतली पेन्सिल काढली. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी उभी राहायचीच बाकी होते.

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "ताई, तुमचं मन कसं मोडायचं? दही खायचो मी. केळं खायचो. दाणे, कडधान्य, भाजी कशी चावू? आणि टाकू कसं? म्हणून जिन्यावरच्या मावशीला द्यायचो."

बघ म्हणजे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी केक खात होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते डबा घेत होते. एकमेकांच्या मनाला जपता जपता एकीची साखर चढली, दुसऱ्याचं मांस उतरलं.

जिन्यावरची मावशी म्हणजे आमच्या इमारतीचे जिने पुसते ती. तेव्हाही दाराबाहेर बादली घेऊन होतीच. आपलं नाव ऐकून आत डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला काय माहीत कुणाचा डबा? मास्तर म्हणाले, मला एवढं जात नाही, रोज टाकून द्यावं लागतं." माझंच वाक्य, जसंच्या तसं, जिन्यावरून खाली उतरलं होतं. "चोरलं नाही बाई मी काही," ती म्हणाली. "आणि हो, ते अंडं मास्तर द्यायचे, पण मी म्हणायची एवढं तरी कुस्करून खा. ऐकतात कुठं?"

डॉक्टरिणीने तिला आत बोलावलं. ती म्हणाली, पाय ओले आहेत. डॉक्टरीण म्हणाली, चालतील. खालची पापणी ओढून बघितली, बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मुठीचं यंत्र हातात दिलं. मावशीने दाबलं आणि काटा असा गेला की बाकावरचे सगळे डबेवाले यंत्राकडे संशयाने बघू लागले. "फडकी पिळून पिळून झालंय ते," ती म्हणाली. डॉक्टरिणीने विचारलं, पूर्वीपेक्षा काही फरक वाटतो का? मावशी म्हणाली, "पूर्वी तिसऱ्या मजल्यावर बादली ठेवून बसायची. आता चौथ्यावर जाऊन बसते. तिथं वारा असतो."

मग वय विचारलं. मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईंपेक्षा एखाद वर्षाने लहान असेन." वहिनी, मी इतकी वर्षं तिला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी समजत होते. सणासुदीला वाकून नमस्कार करायचाच काय तो बाकी ठेवला होता. मी डॉक्टरिणीला म्हटलं, मग हिचं नाव का नाही तुमच्या यादीत? ती जरा वरमली. यादी घरमालकांच्या नोंदींवरून केलेली. मावशी या इमारतीत रोज येते, पण राहत नाही. आणि मागच्या गल्लीत जिथे राहते तिथल्या दारांना नंबरच नाहीत, त्यामुळे संगणकाला ती दारं दिसली नाहीत. आजार मात्र नंबर न बघता आत जातो, हे ती म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर दिसत होतं. मग एकदम हसायलाच लागली. "काकू, डबा काम करतोय हो! फक्त जिला मोजलंच नाही तिच्यावर."

आता पुढची हकिगत थोडक्यात. मास्तरांना दंतमहाविद्यालयात पाठवलं. तिथल्या मुलांनी मेणाचं माप घेतलं, तर मास्तर म्हणाले, "एकदम पक्की शिवू नका, आधी ट्रायल घ्या." आणि खरंच पहिल्या मापात डावीकडे सैल होती. गेल्या आठवड्यात नवी कवळी बसली. त्यांनी आमच्याच दारात उभं राहून शेंगदाणे चावून दाखवले, कड्‌ कड्‌, लहान मुलासारखे. मला रडू आलं आणि हे म्हणाले, "आवाज यांच्या तोंडातून येतोय की माझ्या छातीतून?"

पण चावायला दात आले तेव्हा चावायला डबा राहिलेला नाही, माझा त्यांना द्यायला आता बंदी. माझी अडचण ही. डॉक्टरिणीने सगळं खरं खरं लिहून समितीला कळवलं आहे. तिला ते कळवावंच लागतं आणि मला तिचा राग नाही. त्या पोरीने माझं ऐकून घेताना एकदाही आवाज चढवला नाही, उलट माझ्या साखरेची गोळी तिनेच सुरू केली. बहुतेक आमची इमारत बिघडलेला नमुना म्हणून काढून टाकतील आणि महिनाअखेर डबे बंद होतील. मास्तरांसाठी उपचार म्हणून मऊ अन्नाचा डबा द्यावा, आणि मागची गल्ली घरोघर फिरून यादीत घ्यावी, असं तिने शेवटी जोडलं आहे. तिचे वरिष्ठ म्हणाले, उपचार म्हणून कवळी दिली ना, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. मास्तरांच्या अंगावर पुढच्या वर्षापर्यंत पुरेल एवढं मांस नाही गं.

मी पुन्हा ताट घेऊन गेले होते. सरळ, काही बहाणा न करता. म्हणाले, "ताई, तुमची साखर वाढवली मी. आता कुठल्या तोंडाने घेऊ?" हे मागून म्हणाले, "नव्या तोंडाने घ्या." हसले, पण घेतलं नाही. "डबा माझ्या नावावर रीतसर आला तर खाईन," म्हणतात. पुन्हा पावावर आहेत. आता तो निदान चहात न बुडवता खातात, एवढीच विज्ञानाची प्रगती.

त्या समितीचा अध्यक्ष माझा सख्खा भाऊ आहे हे मी डॉक्टरिणीला सांगितलेलं नाही. ओळखीवर काम करून घ्यायचं नाही, हे आपल्याला सिस्टरांनी शिकवलं आणि मी ते जन्मभर पाळलं. तेव्हा तूही दादाजवळ अक्षर काढू नकोस. तुझ्याशी बोललं की मोकळं वाटतं, एवढ्यासाठीच लिहिलं. मुलांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्याला शेक, आणि तुला शाळेच्या नळापासूनचं सगळं प्रेम.

तुझी नणंद (आणि तुझ्या मागे उभी राहणारी)

ता. क. : खांद्यामुळे अक्षर वाकडं आलं आहे. समजून घे.

ता. क. दुसरा : पत्र टाकायला निघाले होते. मास्तरांचं दार उघडं होतं. मशीनवर बसून स्वतःची पँट आत घेत होते. घरी परत आले आणि पाकीट फोडलं. तर वर दादाबद्दल जे लिहिलं आहे ते विसर. त्याला हे सगळं वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून. मात्र जेवण झाल्यावर. उपाशीपोटी तो नियम बघतो, जेवल्यावर माणसं बघतो. गुळाच्या बरणीसारखा बघायला लागला तर बघू दे, आणि सांग की एकेचाळीस क्रमांकाला खुशाल काढून टाक, तिने ते कमावलं आहे. आकडे झाकायला मी सांगत नाही. त्याने फक्त बैठकीत एवढं विचारावं की त्या गल्लीत पायी जाऊन यायला पुढचं वर्ष कशाला लागतं. बहिणीचं प्रकरण म्हणून खुर्चीवरून उठावं लागलं तर उठावं आणि बाकावरून विचारावं. आवाज त्याचा तसाही मोठा आहे.

ता. क. तिसरा : सोबत पिशवी पाठवते. त्यातला पांढरा शर्ट दादाचा, मास्तरांनी जुन्या मापावर शिवला आहे, पोटाशी अंदाजाने सोडलं आहे. ही लाच नाही, म्हणून बैठक होऊन गेल्यावरच द्यायचा, निकाल काहीही लागो. निळं कापड तुला. रंगीत पत्रकं नातवंडांना, गाजराचं चित्र कापून चिकटवायला छान आहे. डब्यांचं म्हणशील तर समितीने एकच मंजूर केला, तर तो मास्तरांना, त्यांच्या नावाने. दोन केले, तर दुसरा मावशीला, तिच्या नावाने. दाराला नंबर नसला तरी हाक मारली की ती ओ देते. तीन निघाले, तर मी दुपारी घरीच असते.